ताईबाईच्या अंगणातला चर

९ मार्च, रविवार

शोषखड्डा बाद. तासाभरात पाणी चार मिलिमीटर उतरलं — चार! ही काळी माती पाणी पीत नाही, नुसती धरून बसते. योगेंद्रने विहिरीवरून बारा बादल्या आणून ओतल्या. म्हणाला, "एवढ्यात एक म्हैस पाणी पिऊन, रवंथ करून, झोपली असती."

म्हणजे छताचं, अंगणाचं आणि रस्त्याकडून येणारं पावसाचं पाणी वाहूनच न्यावं लागणार. तळ्यात. मध्ये पंचेचाळीस मीटर जमीन, त्यात शेजारच्या ताईबाईचं अंगण.

आमचा साखरपुडा जानेवारीत झाला. लग्न दिवाळीनंतर. तोवर घर उभं राहिलं पाहिजे, असं नानांचं — योगेंद्रच्या वडिलांचं — म्हणणं. माझं म्हणणं, पाण्याची वाट आधी. तळ्याच्या इतक्या जवळ बांधायचं तर दुसरा क्रम नाही.

ऑफिसातून लेव्हल मशीन आणलं होतं. उंची मोजायला एक न हलणारी जागा लागते, बाकी सगळे आकडे तिच्यावरून काढायचे. योगेंद्रला विचारलं, तुमच्या गावात न हलणारं काय आहे? म्हणाला, "नाना." मग म्हणाला, "मारुतीची पायरी. रस्त्यापलीकडे. आजोबांच्या वेळची आहे."

पायरी १००.००० धरली. त्यावरून जोत्याचा माथा १००.९०० ठरवला. चराची सुरुवात ९९.२४०. कोपऱ्यातल्या दगडावर लाल रंगाने खूण केली; जोतं आणि चराची सुरुवात मिस्त्री तिच्यावरून घेणार. तळ्याकडचं टोक अजून पाण्यात आहे. मे महिन्यात पाणी हटलं की ते मोजायचं.

योगेंद्रने आकड्यांची उंच पट्टी चार तास धरली. एकदाही वाकडी नाही. शाळामास्तर असून!

१६ मार्च, रविवार

नाना म्हणाले, वास्तूप्रमाणे पाणी ईशान्येला गेलं पाहिजे. मी म्हटलं, नाना, तळं नैर्ऋत्येला आहे. ते म्हणाले, "मंग तळं हालावता येस नई का? इतली शिकेल शे तू."

जोत्याच्या उंचीवरूनही कुरकुर. "जोतं इतलं उच्चं? माले घरमा जावाले शिडी लागी का?" मी उंची सोडली नाही.

तळ्याच्या काठच्या पाणकणसांना हात लावायचा नाही, असं सांगितलं. ती गाळ धरतात, बांधकामाची घाण तळ्यात जाऊ देत नाहीत. नाना योगेंद्रकडे बघून म्हणाले, "गवतले बी इंजिनेरीमा मान शे, भाऊ! आपलेच नई." सगळे हसले. मीही.

२३ मार्च, रविवार

ताईबाईची परवानगी घेतली. सत्तरीची असेल. एकटी. मातीच्या भिंती, वर पत्रे, दोन शेळ्या. तिच्या अंगणातून चर गेला नाही तर कुठूनच जात नाही. जमिनीचा खोलगट भाग तिथेच आहे.

नकाशा उलगडला. तिने तो बघितलाही नाही. मला बघत होती.

"पानी मना घरमा येवाव नई ना?"

"एक थेंब येणार नाही."

"तू सांगस ना?"

"मी सांगते."

"मंग खंदा." आणि वर म्हणाली, योगेंद्रने विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. नानांनी विचारलं असतं तर शेळी अंगावर सोडली असती.

माझ्या शब्दावर आजवर कोणी अंगण दिलं नव्हतं.

३० एप्रिल, आखाजी

अक्षय्य तृतीया म्हणजे इकडचा मोठा सण, नानांनी बोलावलं. पुरणपोळी, आमरस, झाडाला झोका. योगेंद्रची आई, हेमलताबाई, तीन वर्षांपूर्वी गेल्या. आज त्यांच्या नावाने नानांनी मारुतीला दगड अर्पण केला, नाव कोरून. मला हळदकुंकू वाहायला सांगितलं. होणारी सून म्हणून. मी वाहिलं. नाना रडले. अशा वेळी काय करायचं असतं ते मला कळत नाही, म्हणून मी पदर नीट करत राहिले. योगेंद्रने सगळ्यांसमोर हात धरला.

सोडवून घेतला नाही.

११ मे, रविवार

तळं हटलं. चराचं टोक मोजलं — ९९.१५०. म्हणजे पंचेचाळीस मीटरमध्ये नऊ सेंटीमीटर उतार. बारीक आहे. पण पुरेल.

काम संपताना मार्चच्या लाल खुणेवर परत एकदा मोजायचा शिरस्ता आहे. तिच्यावर खडीची ट्रॉली रिकामी केलेली. खडी बाजूला करायला अर्धा तास लागला असता. योगेंद्रला मला शेकाट्याचं घरटं दाखवायचं होतं. चिखलाच्या ढेपेवर चार अंडी, आणि लांब लाल पायांचा तो पक्षी आमच्या डोक्यावर ओरडत फिरतो आहे! चराचं टोक घरट्यापासून दोन मीटर लांब घेतलं. उन्हात पाय भाजत होते. लाल खूण राहिली.

परतताना त्याने स्वयंपाकाच्या ओट्यासाठी माझ्या कोपराची उंची घेतली. खिशातली फूटपट्टी तीनदा लावून. ओटा ८८ सेंटीमीटर.

८ जून, रविवार

चर बांधून झाला. कौतिक मिस्त्रीचं म्हणणं, "मास्तर, मनी नळीमा तळाकडलं टोक वर दिसस." तो पाण्याची पारदर्शक नळी दोन्हीकडे धरून लेव्हल बघतो. मी म्हटलं, नळीत हवेचा बुडबुडा राहिला असेल. योगेंद्र त्याला म्हणाला, "मॅडमचा आकडा आहे, मिस्त्री. नळी गुंडाळून ठेव."

मला हसू आलं. आवडलंही. खोटं कशाला लिहू.

१३ जुलै

किरकोळ पाऊस. योगेंद्रने फोटो पाठवला — चरात पाणी उभं आहे, जात नाही. गाळ असेल, काढून घे म्हटलं. त्याने स्वतः काढला.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी सातला फोन. धुळ्याहून पोचेपर्यंत दहा.

काल संध्याकाळपासून पाऊस होता. छताचं आणि रस्त्याचं पाणी चरात उतरलं. पुढे गेलंच नाही. तळं चढलं तसं तेही चरातून उलटं आलं. दोन्ही पाणी ताईबाईच्या अंगणात भेटली. जिथे चर सगळ्यात उथळ, तिथे.

मागची भिंत बसली. कोसळली नाही — बसली, ओल्या गुळासारखी. एक शेळी गेली. धान्याची मातीची कोठी तळापासून विरघळली. ज्वारी चिखलात, आणि तिच्यावर कोंबड्या.

ताईबाई पालथ्या पाटीवर बसलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मी जाऊन उभी राहिले. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"तू सांगेल व्हतं, माय."

एवढंच म्हणाली.

योगेंद्र चिखलातून ज्वारी उपसत होता, दोन्ही हातांनी. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बस. तू भिजू नकोस." मी भिजलेलीच होते.

१८ ऑगस्ट

ऑफिस. जेवले नाही. संध्याकाळी डबा उघडला, तसाच बंद केला.

२० ऑगस्ट, बुधवार

रजा काढली. मशीन नेलं. पट्टी धरायला ऑफिसातले चिंधाभाऊ. मारुतीच्या पायरीवर पट्टी उभी करायला लावली, १००.००० धरलं आणि मोजत गेले.

तळ्याकडचं टोक — ९९.१५०. बरोबर. माझा आकडा.

सुरुवात — ९९.१३०. हवी होती ९९.२४०. म्हणजे सुरुवात टोकाहून खाली! पाणी उलटंच वाहणार.

मग जोतं मोजलं. १००.७९०. हवं होतं १००.९००.

लाल खूणही अकरा सेंटीमीटर खाली. सगळं अकरा. चूक झाली तर इथे चार निघते, तिथे सात. सगळीकडे सारखं निघतं ते ठरवून केलेलं.

जोतं उंच वाटत होतं कोणाला, ते मला माहीत होतं.

अर्धवट बांधलेल्या ओसरीत तिघे होते — योगेंद्र, नाना, कौतिक मिस्त्री. मी विचारलं, दगडावरची लाल खूण खाली कोणी घेतली?

"कोणी नाही," योगेंद्र म्हणाला.

"आणि जोतं? ते आपोआप खचलं? अकराच?"

नाना उठले. "म्हनजे आम्ही चोर का?"

मिस्त्री म्हणाला, "मी तव्हाच सांगेल व्हतं, टोक वर शे." मी म्हटलं, हो, वर दिसणारच, सुरुवात तुम्ही खाली नेलीत तर.

योगेंद्रने वही मागितली. मार्चची पानं, मेची पानं, आजची पानं. बराच वेळ बघितली. म्हणाला, "मी काहीच हलवलं नाही, सुलक्षणा. मोजण्यात काही राहिलं असेल का?"

मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. आणि त्या बाईने अंगण दिलं होतं ते मला दिलं होतं, तुमच्या घराला नाही.

त्याने वही मिटून परत दिली. मग म्हणाला, "बरं."

आवाज चढवला असता तर मी थांबले असते, असं आता वाटतं. कोण जाणे. मशीन पेटीत भरलं. कुलूप दोनदा तपासलं.

२४ ऑगस्ट, रविवार. जळगाव

आईपप्पांना सांगितलं. अंगठी डबीत घालून दिली. पप्पांनी डबी हातात धरली, उघडली नाही.

"अकरा सेंटीमीटरसाठी?"

मी म्हटलं, पप्पा, शब्दासाठी.

"कोणाच्या?"

माझ्या.

आई म्हणाली, माणूस वाईट नाही गं तो. मी म्हटलं, मी कधी म्हटलं वाईट आहे? वाईट असता तर सोपं होतं. वडिलांसमोर बोलायची हिंमत नाही, म्हणून खूण खाली घेऊ दिली आणि माझ्यासमोर गप्प राहिला. अशा माणसाबरोबर मी आयुष्यभर सगळं परत मोजत बसणार.

हे मी फार नीट बोलले. वाक्यं आधीच तयार केल्यासारखी. आईने पदराने डोळे पुसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरली.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, ताई, गाडी लागते का? हो म्हटलं. तिने लिंबू दिलं. मी ते धुळ्यापर्यंत हातात धरलं.

२५ ऑगस्ट

पप्पांचा फोन. डबी देऊन आले. नानांनी घेतली. योगेंद्र घरी नव्हता.

३१ ऑगस्ट

रविवार असला की पायांना सवय. साडेसहाला तयार होऊन बसले. कुठे जायचं होतं?

संगणकावरून घराचे नकाशे काढून टाकले. सोळा फायली. शेवटची ओट्याची. ८८ सेंटीमीटर. ती काढली आणि कचऱ्याच्या पेटीतून परत आणली. परत काढली.

ऑफिसात कोणी विचारत नाही. साहेबांनी एकदाच विचारलं, मॅडम, तब्येत? ठीक म्हटलं. मला रडायला जागा लागते, आणि या खोलीच्या भिंती पातळ आहेत. शेजारच्या मुली टीव्ही लावतात तेव्हा रडते. मालिका संपली की थांबते.

७ सप्टेंबर

योगेंद्रचा संदेश. अठरा दिवसांनी.

"चर नव्याने खणून घेतोय. टोक किती खाली घ्यायचं तेवढं कळव."

तेवढं! वाचून अंगाची आग झाली. मग लिहिलं, "आता आहे त्याहून १५ सेंमी खाली. तोंडाशी दगड बसवून पिचिंग. पाणकणसं तोडू नयेत."

उत्तर आलं, "तोडणार नाही."

पुढे काही येईल म्हणून फोन उशाशी ठेवला. आलं नाही.

१४ सप्टेंबर

आईने मुद्दाम दुसऱ्या कशाच्या तरी बोलण्यात सांगितलं — योगेंद्रसाठी साक्रीकडचं स्थळ बघून आलेत. मुलगी शिक्षिका आहे. नानांना घाई आहे, घर तयार होत आलंय.

छान, म्हटलं.

ती केवढी उंच आहे ते विचारलं नाही. ओटा तिला उंच झाला तर पाठ दुखेल.

२८ सप्टेंबर, रविवार

न राहवून गेले. योगेंद्र रविवारी शिंदखेड्याला असतो, हे बघूनच. ताईबाईला एक कोठी नेली, पत्र्याची. दुसरं काय नेणार?

मागची भिंत नवी. विटांची. चरात पाणी आहे आणि ते चाललंय — तळ्याकडे. गवताची एक काडी टाकून बघितली. गेली.

ताईबाईने चहा केला. उरलेली शेळी मांडीशी घेऊन बसली. म्हणाली, "आठ दिन तो आठेच व्हता. भित बी त्यानीच बांधी, मिस्त्रीसंगे. शाळा सुटनी का विटा उचलाले."

मी म्हटलं, त्याला करायलाच हवं होतं.

"तो बी तेच सांगे. म्हने, चूक मनी शे, ताईबाई. तिले काही बोलू नको. तिनं बरोबर सांगेल व्हतं."

म्हणजे कबूल केलं! माझ्यासमोर नाही, पण केलं. मला बरं वाटायला हवं होतं. अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

ताईबाई बघत होती. "रडी ले वं माय. आठे कोन शे बघाले?"

रडले नाही. उठले. ती मागून म्हणाली, तू मशीन घेऊन गेलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो फार वेळ बसून होता. "तठे, मारुतीनी पायरीवर. हातमा फूटपट्टी. मी इचारं, काय मोजस रे? तं म्हने, काही नई. मंग इतला रडना तो! मी म्हटलं, माय याद उनी व्हई."

बस आली होती. पळत जाऊन पकडली.

आता लिहिताना अडते आहे. आईची आठवण आली असेल, हे खरं. फूटपट्टी कशाला?

२ ऑक्टोबर, दसरा

पहिल्या बसने गेले. पायरीवर झेंडू आणि आपट्याची पानं. बाजूला केली.

काळा दगड. "कै. सौ. हेमलताबाई धनसिंग गिरासे यांच्या स्मरणार्थ. अक्षय्य तृतीया, शके १९४७." याच्यावर मी हळदकुंकू वाहिलं होतं.

जुनी पायरी त्याच्या खाली आहे. कडेने दिसते. मार्चमध्ये मी सुरुवात तिच्यावरून मोजली. मेमध्ये टोक या दगडावरून. दोन्ही वेळा १००.००० लिहिलं. ऑगस्टमध्येही.

टेप लावला. सिमेंट आणि दगड मिळून अकरा सेंटीमीटर. खूण, जोतं — काहीच खाली गेलं नव्हतं.

टेप लावला तिथेच, दगडाच्या कडेला, पेन्सिलची उभी रेघ आहे. शेजारी ११. फळ्यावर लिहितात तसं, वळणदार.

ती रेघ माझ्या आधीची आहे.